ड्राय माल्ट एक्स्ट्रॅक्ट आणि हाताशी असतील ते हॉप्स : घरी बिअर करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माल्टची पावडर आणि फ्रीझरमध्ये साठलेल्या चार-पाच जातींच्या हॉप्सच्या, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांच्या, अर्धवट पुड्या, एवढ्यावर उत्तम बिअर होते. माझं म्हणणं त्याहून थोडं पुढचं आहे. हॉप्स ओळखायला शिकायचं असेल तर ड्राय माल्ट एक्स्ट्रॅक्टसारखा, म्हणजे डीएमईसारखा सोबती नाही. माल्टची बाजू तो दर वेळी जवळजवळ तशीच ठेवतो, त्यामुळे चवीत जो फरक पडतो तो हॉप्सचा म्हणून कळतो. खालची उत्तरं हे डोक्यात ठेवूनच लिहिली आहेत. वेगळं सांगितलं नसेल तिथे प्रमाण २० लिटरच्या बॅचचं आहे.

डीएमई म्हणजे नेमकं काय? दुधात घालायची माल्ट पावडर चालेल का?

नाही चालणार. दुधात घालायच्या पावडरीत दुधाचे घटक, साखर आणि स्निग्धांश असतो. बेकरीसाठी मिळणारं माल्टचं पीठही वेगळं. त्यात पिष्ट असतं आणि कधीकधी जिवंत एन्झाइम्सही.

डीएमई तयार होताना बार्लीला मोड आणून ती वाळवतात (हाच माल्ट), भरडतात आणि गरम पाण्यात मुरवतात. या मॅशिंगमध्ये धान्यातल्या पिष्टाची साखर होते. तो गोड द्रव, म्हणजे वर्ट, गाळून आटवायचा आणि शेवटी उष्ण हवेत फवारून कोरडा करायचा की उरते ती ही पावडर. थोडक्यात, मॅशिंगचं काम आधीच कोणीतरी करून ठेवलेलं आहे. तुम्ही पाणी घालता तेव्हा वर्ट पुन्हा तयार होतो.

लिक्विड एक्स्ट्रॅक्ट आणि डीएमई यांत कोणतं घ्यावं?

मी डीएमईच घेते. लिक्विड एक्स्ट्रॅक्टमध्ये साधारण २० टक्के पाणी असतं, त्यामुळे ते साठवणीत लवकर गडद होतं आणि जुनं झालं की बिअरला शाईसारखी किंवा शिळ्या काकवीसारखी चव येते. या चवीला लोक ‘एक्स्ट्रॅक्टची चव’ म्हणतात, पण दोष बहुतेक वेळा जुन्या मालाचा असतो. रेसिपीत १ किलो लिक्विड लिहिलं असेल तर साधारण ८२० ग्रॅम डीएमई घ्या.

किती पावडर घालायची? हिशेब कसा करायचा?

एक आकडा पाठ करा. १ लिटर वर्टमध्ये १०० ग्रॅम डीएमई असेल तर घनता साधारण १.०३७ येते (नुसत्या पाण्याची १.०००). पुढचं सगळं त्रैराशिक आहे. १.०४८ हवी असेल तर लिटरमागे १३० ग्रॅम, म्हणजे २० लिटरला २.६ किलो. ५ लिटरच्या छोट्या बॅचला ६५० ग्रॅम.

लक्षात घ्या, हे लिटर फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवायच्या भांड्यात, पोचलेल्या वर्टचे आहेत, पातेल्यात ओतलेल्या पाण्याचे नव्हेत. उकळताना वाफ किती जाते हे तुमच्या पातेल्याच्या तोंडावर आणि आचेवर ठरतं. एकदा नुसतं पाणी तासभर उकळून मोजून ठेवा. तो आकडा पुढे कायम उपयोगी पडतो.

लाइट, अंबर, डार्क, व्हीट... कोणता प्रकार विकत घ्यावा?

एकच घ्यायचा असेल तर सगळ्यात फिका, लाइट किंवा एक्स्ट्रा लाइट. अंबर आणि डार्कमध्ये कारखान्याने आधीच क्रिस्टल (रंग आणि कॅरॅमलसारखा गोडवा देणारे) किंवा भाजलेले माल्ट मिसळलेले असतात. ते कोणते आणि किती हे बहुतेक वेळा पाकिटावर लिहिलेलं नसतं, आणि घातलेला रंग काही काढता येत नाही. फिक्या डीएमईला रंग आणि चव तुम्ही स्वतः देऊ शकता. क्रिस्टल किंवा भाजलेला माल्ट भरडून मलमलच्या पिशवीत बांधा, ६५ ते ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, पिशवी काढा आणि त्याच पाण्यात डीएमई मिसळा.

व्हीट डीएमई म्हणजे निव्वळ गहू नव्हे. त्यात बार्लीचा माल्टही असतो. फेस टिकायला थोडा व्हीट डीएमई फार चांगला.

ओट्स असेच पाण्यात मुरवले तर?

त्यातलं पिष्ट वर्टमध्ये उतरेल आणि बिअर गढूळ होईल. डीएमईमध्ये काम करणारी एन्झाइम्स उरलेली नसतात, त्यामुळे त्या पिष्टाची साखर कोणी करत नाही. ओट्स हवेच असतील तर तेवढ्याच वजनाच्या पेल माल्टबरोबर (साधा फिका माल्ट, त्यात एन्झाइम्स असतात) ६६ अंशाच्या आसपास तासभर मॅश करा.

पावडर ओतली की गुठळ्या होतात आणि पातेलं उतू जातं. काय चुकतं?

दोन्हींचं मूळ वाफेत आहे. डीएमई हवेतला ओलावा झटकन ओढतो. उकळत्या पातेल्यावर पाकीट धरलं की वाफेने पाकिटाच्या तोंडाशीच चिकट गोळा होतो, आणि पाण्यात पडलेल्या गुठळीला बाहेरून चिकट पापुद्रा येऊन आत पावडर कोरडीच राहते. पावडर आधी कोरड्या भांड्यात काढा, आच बंद करा आणि कोमट पाण्यात थोडी थोडी घालत ढवळा. एखादी गुठळी राहिलीच तर घाबरू नका, उकळीत ती विरघळते. तळाला मात्र काही बसलेलं नाही ना, हे आच लावण्यापूर्वी पळीने तपासा. तळाला लागलेल्या माल्टचा जळका वास बिअरमधून जात नाही.

उतू जाण्याचा धोका पहिल्या उकळीला सर्वांत जास्त. वर्टमधली प्रथिनं फेस धरतात आणि तो दुधासारखा वर चढतो. ती प्रथिनं गोळा होऊन फुटली की फेस आपोआप खाली बसतो. तोवर पातेल्यापासून हलू नका, झाकण ठेवू नका आणि पातेलं तीन चतुर्थांशापेक्षा जास्त भरू नका. हॉप्सची पहिली मूठ टाकतानाही फेस उसळतो, म्हणून मी ती फेस बसल्यावरच टाकते.

डीएमईला खरंच तासभर उकळावं लागतं का?

माल्टसाठी नाही. कच्च्या वर्टमध्ये डायमिथाइल सल्फाइड तयार होतं, त्याला शिजवलेल्या मक्यासारखा वास येतो आणि तो घालवायला दीर्घ उकळी लागते. डीएमईच्या बाबतीत ते काम कारखान्यात झालेलं असतं. निर्जंतुक व्हायला १०-१५ मिनिटांची उकळी पुरते. तास लागतो तो हॉप्समधून कडवटपणा काढण्यासाठी. जास्त अल्फाचे हॉप्स (अल्फा म्हणजे त्यांतली कडवटपणा देणारी ॲसिड्स) थोडे अधिक घातले तर २०-३० मिनिटांतही पुरेसा कडवटपणा मिळतो, आणि मधल्या आठवड्यात संध्याकाळी बिअर करायची असेल तर मी हेच करते.

माझ्याकडे वेगवेगळ्या जातींचे हॉप्स थोडे थोडे उरले आहेत. कोणता कधी घालायचा?

हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

हॉप्सच्या फुलात ल्युपुलिन नावाची पिवळी, चिकट पूड असते. तिच्यात आपल्या कामाच्या दोन गोष्टी आहेत, राळ आणि तेलं. राळेतली अल्फा ॲसिड्स मुळात फारशी विरघळत नाहीत आणि फारशी कडूही नसतात. उकळीत त्यांची रचना बदलून आयसो-अल्फा ॲसिड्स होतात आणि मग वर्ट कडू होतो. याला वेळ लागतो. तेलांचं नेमकं उलट. मिर्सीन, लिनालूल, जेरॅनिऑल यांसारखी तेलं सुगंध देतात आणि वाफेबरोबर उडून जातात. म्हणजे एकच मूठ सुरुवातीला टाकली तर कडवटपणा देते आणि शेवटी टाकली तर सुगंध. दोन्ही पुरेपूर देणारी वेळ अस्तित्वात नाही.

पुड्यांवरचा अल्फाचा आकडा बघून दोन ढीग करा. मॅग्नम, चिनूक, कोलंबस यांसारखे १२ टक्क्यांच्या आसपासचे किंवा वरचे हॉप्स कडवटपणासाठी. थोडेसेच लागतात, त्यामुळे वर्टमध्ये पालापाचोळाही कमी पडतो. साझ, हॅलरटाऊ मिटलफ्रू, ईस्ट केंट गोल्डिंग्ज, फगल हे ३ ते ६ टक्क्यांचे नाजूक हॉप्स शेवटच्या १५ मिनिटांसाठी राखा. सिट्रा, मोझेइक, सिमको यांचा अल्फा जास्त असला तरी त्यांना तासभर उकळणं मला पटत नाही. ज्यासाठी ते घेतले तो वास सगळा खोलीत जातो.

सुगंधासाठी आणखी एक जागा आहे. उकळी बंद करून वर्ट ७५-८० अंशांवर आणा, हॉप्स टाका आणि २० मिनिटं झाकून ठेवा. त्या तापमानाला कडवटपणा फार हळू वाढतो आणि तेलं बरीच टिकतात. उरल्यासुरल्या चांगल्या हॉप्सचं यापेक्षा बरं चीज होत नाही.

रेसिपीतला हॉप माझ्याकडे नाही. दुसरा किती घालू?

कडवटपणासाठी असेल तर ग्रॅम गुणिले अल्फा टक्के, हा गुणाकार सारखा ठेवा. रेसिपीत ५ टक्क्यांचे ३० ग्रॅम असतील तर गुणाकार १५०. तुमच्याकडे १२ टक्क्यांचा हॉप असेल तर साडेबारा ग्रॅम. तासभर उकळणाऱ्या हॉपची जात बदलल्याचा फरक फारच थोडा जाणवतो.

सुगंधासाठी असेल तर हा गुणाकार विसरा, वजन तेवढंच ठेवा आणि वासाची जोडी लावा. कॅस्केडच्या जागी सेंटेनियल, साझच्या जागी टेटनँग, फगलच्या जागी विलमेट.

आयबीयूचा, म्हणजे कडवटपणाच्या मापाचा, अंदाज कसा काढायचा?

ग्लेन टिन्सेथ यांचं सूत्र बहुतेक सगळी कॅल्क्युलेटर्स वापरतात. १.०४८ घनतेच्या वर्टमध्ये ६० मिनिटं उकळलेल्या हॉप्समधला सुमारे २३ टक्के अल्फा कामी येतो, १० मिनिटांत फक्त साडेआठ टक्के. १५ ग्रॅम मॅग्नम, १२ टक्के अल्फा, २० लिटर, एक तास म्हणजे साधारण २१ आयबीयू. आकडा अंदाजाचाच असतो. जिभेला दोन-तीन आयबीयूंचा फरक कळत नाही.

सगळे उरलेले हॉप्स एकत्र करून टाकले तर?

कडवटपणाच्या वेळेला खुशाल टाका. शेवटच्या वेळेला मात्र हात आखडता घ्या. चार-पाच सुगंध एकत्र आले की प्रत्येकाची धार जाते आणि एक सपक, हिरवट वास उरतो. मी एका बॅचला शेवटी दोन, फार तर तीन जाती घेते आणि त्यातली एक मुख्य ठेवते, साधारण दोन तृतीयांश.

जोड्या जुळवताना वासांची नाती पाहा. कॅस्केडमध्ये ग्रेपफ्रूट आणि फुलं, अमरिलोमध्ये संत्र्याची साल. दोघं एकमेकांना पुढे नेतात. सिमकोचा पाइनसारखा राळेचा वास सिट्राच्या आंबा-लिचीच्या गोडव्याला आधार देतो. नेल्सन सोविनला हिरव्या द्राक्षांचा आणि पांढऱ्या वाइनचा वास असतो, त्याला सोबत फिकीच बरी. साझ किंवा हॅलरटाऊवर सिट्रा टाकली की ते बिचारे दिसेनासे होतात. त्यांना त्यांची स्वतःची बिअर द्या, फिक्या डीएमईची, स्वतःची चव फारशी न आणणाऱ्या यीस्टची.

आणि जातींची खरी ओळख करून घ्यायची असेल तर हे एकदा कराच. लाइट डीएमईचा एकच वर्ट बनवा, मॅग्नमने कडू करा आणि चार लहान फर्मेंटरमध्ये वाटा. आंबणं संपत आल्यावर प्रत्येकात एकच जात टाका, लिटरला ३ ग्रॅम. चारही बाटल्या शेजारी ठेवून चाखल्या की जे कळतं ते कुठल्याही वर्णनातून कळत नाही. मला कॅस्केड आणि सेंटेनियल वेगळे कळले ते असेच. तोवर दोन्ही मला ‘लिंबासारखे’ एवढेच वाटत होते.

एका पुडीवर जातीचं नावच नाही. फेकू का?

पुडीतल्या हॉप्सच्या दोन गोळ्या (पेलेट्स) तळव्यांत चुरा आणि वास घ्या. ताज्या गवताचा, फळांचा, राळेचा आला तर ठेवा. जुन्या चीजचा किंवा घामट पायमोज्यांचा आला तर फेका. राळ ऑक्सिडाइज होऊन आयसोव्हॅलेरिक ॲसिड झालेलं आहे. वास चांगला पण अल्फा माहीत नाही, असे हॉप्स उकळी बंद झाल्यावर वापरा. तिथे अल्फाचा अंदाज चुकला तरी बिअर बिघडत नाही.

ड्राय हॉपिंगला, म्हणजे आंबणं संपत आल्यावर थंड बिअरमध्ये घालायला, हॉप्स किती आणि किती दिवस?

लिटरला ३ ते ५ ग्रॅम, २ ते ३ दिवस. ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीत कॅस्केडवर झालेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लिटरला ८ ग्रॅमच्या पुढे सुगंध त्या प्रमाणात वाढत नाही आणि चव चहासारखी, पाल्यासारखी होत जाते असं दिसलं. माझाही अनुभव तोच. आठवडाभर हॉप्स तसेच ठेवण्यानेही काही मिळत नाही.

एका गोष्टीकडे मात्र मनापासून लक्ष द्या. हॉप्समध्ये थोडी एन्झाइम्स असतात आणि ती यीस्टला न पचणाऱ्या डेक्स्ट्रिन्सची साखर करतात. ब्राउन आणि मॉरिस या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी हे १८९३ सालीच नोंदवलं होतं. आज त्याला हॉप क्रीप म्हणतात. संपलेलं किण्वन हॉप्स टाकल्यावर पुन्हा सुरू होतं. अशा वेळी घाईने बाटल्या भरल्या तर दाब वाढत जातो आणि काच फुटते. माझ्या दोन बाटल्या कपाटात फुटल्या, सुदैवाने जवळ कोणी नव्हतं. तेव्हापासून ड्राय हॉपिंगनंतर तीन दिवसांच्या अंतराने दोनदा घनता मोजून ती हललेली नाही हे बघितल्याशिवाय मी बाटली भरत नाही.

मोजलेली सुरुवातीची घनता हिशेबापेक्षा खूपच कमी आली. पावडर खराब आहे?

नाही. मोठ्या पातेल्याअभावी निम्मा वर्ट उकळून नंतर पाणी घातलं असेल, तर जड वर्ट खाली आणि पाणी वर राहिलं आहे. नमुना वरून घेतला तर कमी, नळातून घेतला तर जास्त. वजन बरोबर आणि एकूण लिटर बरोबर असतील तर हिशेबाच्या आकड्यावर विश्वास ठेवा. डीएमईमध्ये ओजी, म्हणजे सुरुवातीची घनता, चुकायला जागाच थोडी आहे.

बिअर अपेक्षेपेक्षा गडद झाली.

दाट वर्ट जास्त वेळ उकळला की मेलार्ड क्रियेने रंग चढतो. एक तृतीयांश डीएमई सुरुवातीला घाला, बाकीचा शेवटच्या १० मिनिटांत, आच बंद करून.

घनता १.०२० वर अडकली. आता?

आधी कशाने मोजली ते सांगा. रिफ्रॅक्टोमीटर अल्कोहोल असलेल्या द्रवात चुकीचा, जास्तीचा आकडा दाखवतो. त्याला सुधारणेचं गणित लावावं लागतं. हायड्रोमीटरनेही तेच आलं तर यीस्टकडे वळा. खोली थंड पडली असेल तर फर्मेंटर २०-२१ अंशांवर आणा आणि तळाचं यीस्ट हलकेच हलवा. डार्क डीएमई किंवा भरपूर क्रिस्टल माल्ट असेल तर मात्र १.०१६-१.०१८ हाच शेवट असू शकतो. लाइट डीएमई १.०४८ वरून साधारण १.०१२ ला येतो, म्हणजे ४.७ टक्के अल्कोहोल. यूएस-०५ किंवा नॉटिंगहॅमसारख्या यीस्टचं ११ ग्रॅमच्या आसपासचं एक पाकीट २० लिटरला पुरतं.

पाणी कसलं वापरावं?

क्लोरीन नसलेलं. क्लोरीन आणि यीस्टचे फिनॉल एकत्र आले की औषधासारखी, जखमेवरच्या पट्टीसारखी चव येते. क्लोरीन घालवणाऱ्या कॅम्पडेनची अर्धी गोळी २० लिटरला पुरून उरते. क्षार फार वाढवू नका. डीएमईबरोबर कारखान्याच्या पाण्यातले क्षार आलेले असतातच. ड्राय हॉप्सची बिअर असेल तर चमचाभर जिप्समने कडवटपणाला धार येते.

बाटलीत गॅस भरण्यासाठी साखरेऐवजी डीएमई चालेल?

चालेल. लिटरला ६ ग्रॅम साखर लागत असेल तिथे साधारण साडेआठ ग्रॅम डीएमई. थोड्या पाण्यात उकळून घाला. चवीत फरक पडत नाही, म्हणून मी साखरच वापरते आणि डीएमई पुढच्या बॅचला ठेवते.

उरलेला डीएमई आणि हॉप्स कसे ठेवायचे?

डीएमई हवाबंद डब्यात, कोरड्या जागी. दगडासारखा घट्ट झाला तरी वाया जात नाही. फोडून वजन करा आणि वापरा. हॉप्सना मात्र हवा, उष्णता आणि उजेड तिन्ही नकोत. पुडीतली हवा काढून, सील करून फ्रीझरमध्ये ठेवा आणि वर जात, अल्फा आणि कापणीचं वर्ष लिहा. आज लक्षात राहील असं वाटतं, सहा महिन्यांनी राहत नाही.

हिरव्या बाटल्या चालतील का?

तपकिरीच घ्या. उजेडात आयसो-अल्फा ॲसिड्स तुटून एक गंधकयुक्त संयुग तयार होतं आणि बिअरला स्कंक या प्राण्यासारखा उग्र वास येतो. हिरवी काच हा उजेड जवळजवळ अडवत नाही.

घरी बिअर करणं कायदेशीर आहे का?

हे तुमच्या ठिकाणच्या कायद्यावर अवलंबून आहे. ब्रिटनमध्ये परवान्याची अट १९६३ साली गेली, अमेरिकेत १९७८ च्या केंद्रीय कायद्याने वाट मोकळी केली, काही ठिकाणी आजही परवाना लागतो. सामान घेण्यापूर्वी तपासा.

वापरलेल्या हॉप्सचा गाळ कुठे टाकू?

कंपोस्टमध्ये चालतो, पण घरात कुत्रा असेल तर तिथेही नको. हॉप्स खाल्ल्याने कुत्र्यांच्या शरीराचं तापमान धोकादायक वाढतं आणि जीव जाऊ शकतो. उकळलेले हॉप्सही तितकेच घातक, आणि माल्टच्या गोड वासाने कुत्रा ते हुंगत येतोच. गाळ पिशवीत बांधून झाकणाच्या कचराकुंडीत टाका. कुत्र्याने खाल्ल्याची शंका जरी आली तरी लक्षणांची वाट न बघता त्याला डॉक्टरकडे न्या.